सहा सिग्मा : मोजणी की मिरवणूक?

'मुंबईचे डबेवाले सिक्स सिग्मा दर्जाचे आहेत' हे वाक्य गेल्या पंचवीस-तीस वर्षांत महाराष्ट्रात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला आता म्हणीचेच रूप आले आहे. स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे ते सांगतात, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तिकांत ते सापडते आणि गुणवत्ता-सुधारणेच्या प्रशिक्षणवर्गांत तर ते हमखास ऐकू येते. त्याला एक जोडही असते : एक कोटी साठ लाख डब्यांमागे फक्त एक चूक. ऐकणाऱ्याला अभिमान वाटतो आणि तो वाटण्याला आमची हरकत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. हा आकडा कोणी मोजला, आणि कसा मोजला?

हा प्रश्न केवळ डबेवाल्यांपुरता नाही. 'सिक्स सिग्मा' या नावाने जगभर एक मोठी प्रशिक्षण-व्यवस्था उभी राहिली आहे. ज्युदो-कराटेप्रमाणे तिच्यात पिवळा, हिरवा, काळा असे पट्टे मिळतात. काळ्या पट्ट्याचे प्रशिक्षण अनेक ठिकाणी चार आठवड्यांचे असते आणि ते तीन-चार महिन्यांत विखुरलेले असते. त्यात संख्याशास्त्राची बरीच मोठी हत्यारे शिकवली जातात. आता रुग्णालये, बँका आणि शिक्षणसंस्थांनाही या व्यवस्थेचे आकर्षण वाटते. आपले माजी विद्यार्थी हे पट्टे मिळवतात आणि शाळांच्या गुणवत्तेची चर्चाही हळूहळू याच भाषेत होऊ लागली आहे. म्हणून या विद्येत खरे काय आणि दिखाऊ काय, हे शिक्षकांनी पारखून घेणे आवश्यक आहे असे आम्हांला वाटते.

सिग्मा म्हणजे काय?

चहाच्या १०० ग्रॅमच्या पुड्या भरणारे एक यंत्र आहे असे समजू. यंत्र कितीही चांगले असले तरी कोणत्याही दोन पुड्या तंतोतंत सारख्या भरत नाहीत. एखादी ९९.२ ग्रॅमची, एखादी १००.६ ग्रॅमची. सरासरी १०० ग्रॅम असली तरी पुड्या तिच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतात. हा विखार मोजण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते ग्रीक अक्षर सिग्माने दाखवतात.

आता गिऱ्हाइकाची मागणी अशी आहे की पुडी ९७ ग्रॅमपेक्षा कमी आणि १०३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावी. यंत्राचा सिग्मा १ ग्रॅम असेल, तर या मर्यादा सरासरीपासून तीन सिग्मा अंतरावर पडतात. वजनांचे वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचे असेल, तर दहा लाख पुड्यांत सुमारे २,७०० पुड्या मर्यादेबाहेर जातील. यंत्र सुधारून सिग्मा अर्धा ग्रॅम केला की त्याच मर्यादा सहा सिग्मा दूर जातात. मग मर्यादेबाहेरच्या पुड्या किती? शंभर कोटींत सुमारे दोन.

पण सिक्स सिग्माच्या कोणत्याही वर्गात सांगितला जाणारा आकडा हा नव्हे. तेथे सांगतात : दहा लाखांत ३.४ दोष. शंभर कोटींत दोन आणि दहा लाखांत ३.४ यांत सतराशे पटींचा फरक आहे. मग हा ३.४ आला कोठून?

दीड सिग्माची सवलत

अमेरिकेतील मोटोरोला कंपनीत १९८६-८७ च्या सुमारास बिल स्मिथ या अभियंत्याने ही पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे असे की कोणतेही यंत्र दीर्घकाळ एकाच सरासरीवर राहत नाही, ते थोडेसे सरकते. हे सरकणे दीड सिग्मा धरावे. आपल्या यंत्राचा सिग्मा अर्धा ग्रॅम आहे, तेव्हा दीड सिग्मा म्हणजे पाऊण ग्रॅम. सरासरी १०० वरून १००.७५ वर गेली की १०३ ची मर्यादा तिच्यापासून सव्वादोन ग्रॅम, म्हणजे साडेचार सिग्मा अंतरावर उरते. साडेचार सिग्मापलीकडे एका बाजूला उरणारे प्रमाण दहा लाखांत ३.४ असते. थोडक्यात, सिक्स सिग्माचा म्हणून जो आकडा प्रसिद्ध झाला, तो खरे तर साडेचार सिग्माचा आकडा आहे.

यंत्रे सरकतात, हे निरीक्षण बरोबर आहे. पण प्रत्येक यंत्र, प्रत्येक रुग्णालय आणि प्रत्येक बँकेचा खिडकी-व्यवहार दीड सिग्माच सरकतो, याला सर्वसाधारण असा कोणताही आधार नाही. डोनाल्ड व्हीलर यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी यावर कठोर टीका केली आहे. आमच्या दृष्टीने याहून मोठी अडचण तर्काची आहे. याच प्रशिक्षणात नियंत्रण आलेखही शिकवतात. ठराविक वेळाने चार-चार पुड्या काढायच्या, त्यांच्या वजनाची सरासरी आलेखावर मांडायची आणि ती तीन-सिग्मा रेषेबाहेर गेली की यंत्र तपासायचे. चार पुड्यांच्या सरासरीचा विखार एका पुडीच्या निम्मा असतो. म्हणून या आलेखाच्या रेषा मध्यापासून बरोबर दीड सिग्मावर येतात. यंत्र दीड सिग्मा सरकले तर पुढच्या प्रत्येक नमुन्यात ते पकडले जाण्याची शक्यता निम्मी असते. चार नमुन्यांत ते पकडले जाण्याची शक्यता सोळांत पंधरा होते. ज्या कारखान्यात हा आलेख प्रामाणिकपणे राखला जातो, तेथे दीड सिग्माचे सरकणे लपून राहू शकत नाही. ज्या कारखान्यात ते महिनोन्महिने लपून राहते, तेथे आलेख राखलाच जात नाही. सकाळच्या तासाला जे शिकवले, ते दुपारच्या तासाला गुंडाळून ठेवण्याचाच हा प्रकार झाला!

दुसरी अडचण पडताळ्याची. एखाद्या कामात दोष दहा लाखांत ३.४ पेक्षा जास्त नाहीत, हे ९५ टक्के खात्रीने सांगायचे असेल तर किती काम तपासावे लागेल? एकही दोष न सापडता सलग 'क्ष' वस्तू तपासल्या, तर दोषांचे प्रमाण फार तर ३ भागिले 'क्ष' आहे असे या खात्रीने म्हणता येते. हा सोपा नियम शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यानुसार सुमारे ८ लाख ८२ हजार वस्तू एकाही दोषाशिवाय तपासाव्या लागतील. प्रत्यक्षात बहुतेक प्रकल्पांत काहीशे नोंदी घेतात, त्यांवरून सिग्मा काढतात आणि घंटेची शेपटी कोष्टकातून वाचतात. परंतु घंटेचा आकार सरासरीजवळ कितीही जुळला तरी दूरच्या शेपटीत तो तसाच असेल याची हमी काहीशे नोंदी देऊ शकत नाहीत. शेपटीत काय आहे हे पाहायला शेपटीपर्यंत पोचावे लागते.

एका आकड्याचा प्रवास

आता डबेवाल्यांकडे वळू. १९९८ साली 'फोर्ब्स' या अमेरिकी नियतकालिकात त्यांच्यावर एक लेख आला. त्या लेखाच्या लेखकाने पुढे स्वतःच सांगितले की आपण 'सिक्स सिग्मा' हा शब्द कोठेही वापरला नव्हता आणि 'फोर्ब्स'ने असे कोणतेही प्रमाणपत्र दिले नव्हते. घडले ते असे. त्यांनी डबेवाल्यांच्या प्रमुखांना विचारले, तुमची चूक किती वेळा होते? उत्तर आले, जवळजवळ होतच नाही, फार तर दोन महिन्यांतून एकदा. त्या काळी रोज सुमारे पावणेदोन लाख डबे पोचवले जात. दोन महिन्यांत कामाचे दिवस पन्नासच्या आसपास धरले तर डबे होतात ऐंशी-पंच्याऐंशी लाख. डबा संध्याकाळी घरी परतही येतो, म्हणून दुप्पट. ऐंशी लाखांचे एक कोटी साठ लाख झाले, ते असे. पुढे एका परिषदेत कोणा वार्ताहराने डबेवाल्यांच्या प्रमुखांना सिक्स सिग्माबद्दल विचारले. आकडा समजावून दिल्यावर, 'मग आम्ही तसेच आहोत, फोर्ब्सला विचारा', अशा अर्थाचे उत्तर मिळाले. आणि बातमी झाली की 'फोर्ब्स'ने सिक्स सिग्मा दर्जा दिला.

म्हणजे एक कोटी साठ लाख या भारदस्त आकड्याच्या मुळाशी मोजणी एकही नाही, फक्त एक अंदाज आहे. 'दोन महिन्यांतून एकदा'ऐवजी 'महिन्यातून एकदा' असे उत्तर आले असते, तर आकडा निम्मा झाला असता. शिवाय चूक म्हणजे काय, हेही ठरलेले नव्हते. डबा दुसऱ्याच्या टेबलावर गेला तर चूक, हे उघड आहे. पण तो अर्धा तास उशिरा पोचला तर? आमटी सांडली तर? दुसऱ्याकडे गेलेला डबा तेथल्याच डबेवाल्याने ओळखून दहा मिनिटांत योग्य जागी नेला तर? काय मोजायचे याची कामचलाऊ का होईना पण पक्की व्याख्या केल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही.

एक गंमतही पाहावी. एक कोटी साठ लाखांत एक, हे प्रमाण दहा लाखांत ३.४ या फूटपट्टीने अत्युत्तम ठरते. पण शंभर कोटींत दोन या मूळ फूटपट्टीने ते तीसपट कमी पडते. एकच काम, एकच आकडा, आणि दोन निकाल!

यात डबेवाल्यांचा कमीपणा नाही. उलट, या आकड्याने त्यांच्या खऱ्या गुणांवर पडदा टाकला आहे, अशी आमची तक्रार आहे. १८९० पासून चालत आलेली ही व्यवस्था आहे. झाकणावरच्या मोजक्या अक्षरांत, आकड्यांत आणि रंगांत डबा कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यायचा हे सारे मावते. रोज तोच माणूस त्याच वाटेने जातो, त्यामुळे नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले की ते लगेच डोळ्यांत भरते. लोकलचे वेळापत्रक सर्वांना सारखीच शिस्त लावते. मुकादमाच्या हाताखालचा गट आपापसांत काम सांभाळून घेतो. मावळ-मुळशी-जुन्नरकडच्या या मंडळींची ओळखपाळख गावापासूनची असते. २०१० साली हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो या रचनेसाठी. २०२० च्या टाळेबंदीत ही सेवा थांबली आणि त्यानंतर डबेवाल्यांची संख्या बरीच घटली. तरीही चूक होऊ न देणारी आणि झालीच तर वाटेतच पकडणारी व्यवस्था कशी रचावी, याचा हा उत्तम धडा आहे. तो वर्गात शिकवावा. एक कोटी साठ लाखांचा आकडा मात्र गाळावा.

मूळ विद्या कोणती?

सिक्स सिग्माच्या झगमगाटात मूळ विद्येचे नाव मागे पडते. ती वॉल्टर शूहार्ट यांची. १६ मे १९२४ रोजी, टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करत असताना, त्यांनी आपल्या वरिष्ठांना एका पानाचे टिपण पाठवले. त्यात जगातला पहिला नियंत्रण आलेख होता. १९३१ साली त्यांचा ग्रंथ आला. शूहार्ट यांचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक कामात चढउतार असतात. त्यांतले बहुतेक असंख्य लहानलहान कारणांनी होतात आणि ती कारणे कामाच्या रचनेतच मुरलेली असतात. काही चढउतार मात्र वेगळ्या, शोधून काढता येण्याजोग्या कारणाने होतात. पहिल्या प्रकारच्या प्रत्येक चढउताराचे कारण शोधत बसणे व्यर्थ आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या चढउताराकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. आलेखावरच्या तीन-सिग्मा रेषा या दोहोंत निवाडा करतात.

या रेषा आणि पुडीची ९७-१०३ ही मर्यादा यांत गल्लत होता कामा नये. मर्यादा गिऱ्हाईक ठरवते. रेषा यंत्र स्वतःच्या वागण्यातून ठरवते. परीक्षेतले ३५ गुण ही बाहेरून आलेली मर्यादा आहे. आपल्या वर्गाचे गुण वर्षानुवर्षे कोणत्या पट्ट्यात हलतात, ती वर्गाची स्वतःची रेषा. सिक्स सिग्माची 'पातळी' या दोन्ही गोष्टी एका आकड्यात कोंबते आणि त्यामुळेच शिकणाऱ्याच्या मनात त्या वेगळ्या राहत नाहीत.

ही विद्या भारताला परकी नव्हती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून स्वतः शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते आणि काही महिने राहिले होते. एडवर्ड्स डेमिंग यांची जपानमधली प्रसिद्ध व्याख्याने १९५० सालची, म्हणजे त्यानंतरची. पुढे या संस्थेने निरनिराळ्या औद्योगिक शहरांत सांख्यिकी गुणनियंत्रणाची केंद्रे चालवली. मोटोरोलाने पट्ट्यांची भाषा आणण्याच्या कितीतरी आधी आपल्या गिरण्यांत आणि कारखान्यांत नियंत्रण आलेख पोचले होते.

तांबडे मणी

डेमिंग आपल्या व्याख्यानांत एक प्रयोग करून दाखवत. काळ्या पट्ट्याच्या प्रशिक्षणाची पारख करण्यासाठी आम्हांला याहून चांगली कसोटी माहीत नाही. एका पेटीत हजारो मणी असतात. पाचांतला एक तांबडा, बाकी पांढरे. श्रोत्यांतून सहा 'कामगार' निवडायचे. प्रत्येकाने पन्नास खळगे असलेली फळी पेटीत बुडवून पन्नास मणी उचलायचे. तांबडा मणी म्हणजे सदोष माल. डेमिंग मालकाच्या भूमिकेत शिरत. ज्याच्या फळीत पाचच तांबडे आले त्याची पाठ थोपटत, पंधरा आलेल्याला दम देत, भिंतीवर घोषणा लावत, आणि शेवटी 'नालायक' कामगारांना काढून टाकत.

गणित असे. पन्नासांत सरासरी १० तांबडे अपेक्षित. प्रमाण विचलन म्हणजे ५० गुणिले ०.२ गुणिले ०.८ चे वर्गमूळ, म्हणजे २.८. तीन-सिग्मा रेषा साधारण १.५ आणि १८.५ वर येतात. तेव्हा पाच आणि पंधरा या दोन्ही कामगारांत कसलाच फरक नाही. दोघेही एकाच पेटीतून मणी काढत आहेत. शिक्षा, बक्षीस, घोषणा यांचा तांबड्या मण्यांवर परिणाम शून्य. ते कमी करायचे तर पेटी बदलली पाहिजे, आणि पेटी बदलणे मालकाच्या हाती असते.

डेमिंग यांनी यात आणखी एक बारकावा दाखवला होता. त्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या फळ्या वापरल्या आणि दीर्घकाळची सरासरी प्रत्येक फळीची वेगळी निघाली, एकीची १० च्या वर तर इतरांची खाली. यांत्रिक उचल म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. कागदावरचे सूत्र १० सांगते म्हणून फळीने १० द्यावे, असा नियम नाही. सूत्रापेक्षा नोंद श्रेष्ठ, हा विज्ञानाचा पहिला पाठ येथे एका फळीने दिला आहे.

हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. एकाच आकाराचे ४०० पांढरे आणि १०० तांबडे मणी डब्यात टाकावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने डोळे मिटून २० मणी काढावेत, तांबडे मोजावेत, मणी परत टाकून डबा हलवावा. सरासरी ४ च्या आसपास येईल आणि बहुतेक सर्व आकडे ० ते ९ यांत बसतील. मग वर्गाला विचारावे : सर्वांत 'हुशार' कोण?

प्रश्न आपल्याच वर्गाचा

आता हेच गणित निकालपत्राला लावून पाहू. चाळीस मुलांचा वर्ग आहे. वर्षानुवर्षांची सरासरी ८० टक्के, म्हणजे ३२ मुले उत्तीर्ण. प्रमाण विचलन २.५. तीन-सिग्मा रेषा २४.४ आणि ३९.६ वर येतात. म्हणजे शिक्षक तोच, पद्धत तीच, मुलांची तयारीही साधारण तीच असताना केवळ योगायोगाने निकाल ६२ टक्क्यांपासून ९८ टक्क्यांपर्यंत कोठेही लागू शकतो. एका वर्षी ३६ मुले उत्तीर्ण झाली, ९० टक्के, म्हणून शिक्षकाचा सत्कार झाला. पुढच्या वर्षी २९ उत्तीर्ण झाली, ७२ टक्के, म्हणून त्याच शिक्षकाला खुलासा मागणारे पत्र आले. तिसऱ्या वर्षी निकाल पुन्हा सरासरीकडे परतला आणि श्रेय पत्राला मिळाले. सत्कार निरुपयोगी आणि कानउघाडणी गुणकारी, असा समज शिक्षणखात्यात आणि घराघरांत दृढ होतो तो अशाने. सत्कार चांगल्या वर्षानंतर होतो, त्यामुळे पुढचे वर्ष बहुधा त्याहून खाली येते. पत्र वाईट वर्षानंतर जाते, त्यामुळे पुढचे वर्ष बहुधा वर जाते. तांबड्या मण्यांनाही हाच नियम लागू आहे.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना देणे आवश्यक आहे. एक म्हणजे मुले मण्यांप्रमाणे एकमेकांपासून अलिप्त नसतात. एकाच वर्गातली मुले एकाच प्रश्नपत्रिकेला, एकाच पावसाळ्याला सामोरी जातात. म्हणून प्रत्यक्ष चढउतार आमच्या हिशेबापेक्षा मोठेही असू शकतात. शक्य तेथे रेषा शाळेच्या स्वतःच्या आठ-दहा वर्षांच्या नोंदींवरून काढाव्यात. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. निकाल रेषांच्या आत आहे याचा अर्थ सारे ठीक आहे असा नव्हे. दरवर्षी चाळिसांतली आठ मुले नापास होत असतील आणि आलेख स्थिर असेल, तर ते स्थिर अपयश आहे. फक्त त्याचा जाब एका शिक्षकाला एका वर्षासाठी विचारून उपयोग नाही. पेटी बदलावी लागेल : वर्गाचा आकार, पायाभूत वर्षांचे शिक्षण, पुस्तके, शिक्षकांवरची इतर कामे.

जमा आणि खर्च

सिक्स सिग्माच्या जमेच्या बाजू सांगितल्या नाहीत तर टीका एकांगी होईल. व्याख्या करा, मोजा, विश्लेषण करा, सुधारा, राखा ही तिची पंचपदी समंजस आहे. प्रशिक्षणाबरोबर प्रत्यक्ष प्रकल्प करायला लावणे, मोजण्याच्या साधनाचीच आधी तपासणी करणे, सुधारणेच्या कामासाठी माणसाला वेळ मोकळा करून देणे या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. मोटोरोलाला १९८८ साली बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार मिळाला तो केवळ प्रचाराने नव्हे. १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिकने ही पद्धत उचलली आणि ती जगभर पसरली.

पण पसरताना ती पातळ झाली. पट्टा देण्याचा अधिकार कोणा एका संस्थेकडे नाही. काही जुन्या संस्था परीक्षेबरोबर पूर्ण केलेल्या प्रकल्पांचा पुरावा मागतात, तर काही ठिकाणी थोड्या दिवसांच्या हजेरीवर काम भागते. शिकवताना आकडे आधीच स्वच्छ करून दिलेले असतात, संगणकावर कळ दाबली की उत्तर येते, आणि उत्तर आले म्हणजे समजले असा भास होतो. खऱ्या कामात आकडे अर्धवट असतात, दोन मोजणाऱ्यांची मोजमापे जुळत नाहीत, आणि सर्वांत कठीण भाग असतो तो योग्य प्रश्न शोधण्याचा.

आणि हे हत्यार सगळीकडे चालत नाही. २००१ ते २००५ या काळात थ्री-एम या कंपनीत, नव्या कल्पनांसाठी नावाजलेल्या तिच्या प्रयोगशाळांसह, सिक्स सिग्मा सक्तीची झाली. नंतरच्या व्यवस्थापनाने संशोधनातली ती सक्ती सैल केली. आम्हां संशोधकांना यात नवल वाटत नाही. पुडी भरताना चढउतार हा शत्रू असतो. संशोधनात अनपेक्षित चढउतार हीच कधी कधी नव्या शोधाची पहिली खूण असते. शाळेच्या वर्गाबद्दलही हेच म्हणता येईल. चाळीस मुलांनी एकसारखे उत्तर द्यावे, हे शिक्षणाचे उद्दिष्ट नव्हे.

म्हणून या प्रशिक्षणाबद्दल आमचा अभिप्राय असा : त्यातली शूहार्टची विद्या अनमोल आहे. पट्टा आणि ३.४ हा आकडा तिच्यावर चढवलेला साज आहे. एखादा माजी विद्यार्थी 'कोणता वर्ग लावू?' असे विचारायला आला, तर त्याला चार गोष्टी पाहायला सांगाव्यात. आकडे सरासरीत दडपण्याआधी काळाच्या क्रमाने मांडायला शिकवतात का? काय मोजायचे याच्या व्याख्येवर वेळ घालवतात का? एकाच वस्तूचे मोजमाप दोघांकडून करून घेऊन ते जुळते का पाहतात का? आणि शेवटची, कसोटीची गोष्ट : दोष दिसल्यावर माणसाला धरायचे की पेटी तपासायची, हे विचारायला शिकवतात का? चारही उत्तरे होकारार्थी असतील, तर पट्टा कोणत्याही रंगाचा असो, तो वर्ग लावावा.

आणि शाळेसाठी यातले काहीच लागत नाही. एक आलेखाचा कागद, एक डबाभर मणी आणि शाळेच्या गेल्या दहा वर्षांच्या निकालांची नोंदवही एवढे साहित्य पुरे आहे. पुढच्या निकालानंतर कोणाला शाबासकी वा कोणाला पत्र देण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ते दहा ठिपके क्रमाने मांडून पाहावेत आणि शिक्षकसभेत सर्वांसमोर ठेवावेत.